स्विंडनचा मॅजिक राउंडअबाउट कसा पार करायचा: नव्याने आलेल्यांसाठी

इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या स्विंडन गावात कामासाठी आलेल्या माणसाला घराच्या किल्ल्या मिळायच्या आधीच कुणीतरी विचारतं, "मॅजिकवरून गाडी नेली का?" हा मॅजिक म्हणजे मॅजिक राउंडअबाउट. पाच रस्ते एकत्र येतात तिथे प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक छोटं सर्कल आहे. अशी पाच छोटी सर्कलं मिळून मध्ये एक मोठं सर्कल तयार होतं. छोट्या सर्कलांना नेहमीसारखं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायचं, पण मधल्या बेटाला लागून चालणारी वाहतूक उलट दिशेने जाते. वरून काढलेला फोटो पाहिला की वाटतं, हे कुणीतरी रागाच्या भरात आखलंय.

तसं ते मुळीच नाही. १९७२ साली फ्रँक ब्लॅकमोर या वाहतूक अभियंत्याने हे आखलं. तो सरकारच्या रस्ते-वाहतूक संशोधन प्रयोगशाळेत काम करायचा. सुरुवातीला छोट्या सर्कलांच्या खुणा पक्क्या केल्याच नव्हत्या. वाहतूक कशी वाहते ते बघून जागा थोड्या इकडेतिकडे करता याव्यात म्हणून, आणि प्रत्येक छोट्या सर्कलावर एक पोलीस उभा असायचा. कागदोपत्री नाव होतं काउंटी आयलंड्स, पण लोकांनी लहान मुलांच्या टीव्ही मालिकेवरून मॅजिक राउंडअबाउट म्हणायला सुरुवात केली आणि पुढे तेच नाव अधिकृत झालं. पन्नास वर्षांहून जास्त काळ हे सर्कल चालू आहे. ते चालतं, आणि बऱ्यापैकी चालतं, हे आधी मनाशी धरा.

आधी कागदपत्रं, थोडक्यात

भारतीय परवान्यावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिने मोटार चालवता येते. त्यानंतर नाही. सिंगापूर, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांचा परवाना बदलून मिळतो, भारताचा मिळत नाही. म्हणजे इथला शिकाऊ परवाना काढायचा, लेखी परीक्षा द्यायची (५० पैकी ४३ उत्तरं बरोबर हवीत, शिवाय धोका ओळखण्याच्या व्हिडिओंमध्ये ७५ पैकी ४४ गुण) आणि मग रस्त्यावरची परीक्षा. ती साधारण ४० मिनिटांची असते. १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात, एक गंभीर चूक झाली की नापास. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्या गाडीला तुमच्यामुळे ब्रेक मारावा लागला, तर ती गंभीर चूक धरली जाऊ शकते.

ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिलीत तर परवानाही ऑटोमॅटिकपुरताच मिळतो. तरी मी नवीन माणसाला ऑटोमॅटिकच घ्या म्हणेन. मॅजिकवर डोळ्यांना इतकं काम असतं की डाव्या पायाला रजा दिलेली बरी.

विमा नसेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका. ३०० पौंड दंड आणि परवान्यावर शिक्षेचे ६ पॉइंट. इथली परीक्षा पास होऊन दोन वर्षं व्हायच्या आत ६ पॉइंट झाले की परवानाच रद्द होतो आणि शिकाऊ परवान्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

घरून आणलेल्या सवयी

आपल्याला एक फायदा आहे. आपण डावीकडूनच चालवतो आणि स्टिअरिंग उजवीकडेच असतं. फ्रान्स-जर्मनीहून आलेल्या माणसाला जे नव्याने शिकावं लागतं ते आपल्या हातात आधीच असतं. अडचण दुसरीकडे आहे.

सर्कलात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आपल्याकडेही कागदावर आहे. १९८९ च्या रस्ता नियमांत चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी असं लिहिलेलं होतं. पण पुण्या-नाशकात सर्कलात शिरताना आपण काय करतो? नाक घुसवतो. समोरचा थांबला तर आपण गेलो, नाही थांबला तर आपण थांबलो. सगळे हळू चालवत असतात, सगळ्यांना एकमेकांची सवय असते, म्हणून ते निभावतं. इथे निभत नाही. इथला ड्रायव्हर उजवीकडून ताशी २५-३० मैलांनी येतो तो तुम्ही थांबणारच हे गृहीत धरून. तो तुमच्या नाकाकडे बघत नाही, त्याची नजर त्याच्या उजवीकडे असते.

ब्रिटनमध्ये हा उजव्या बाजूचा नियम १९६६ साली सर्वत्र लागू झाला. त्याआधी इथलीही मोठी सर्कलं गर्दीच्या वेळी तुंबायची. कारण साधं होतं: बाहेरचे आत घुसत राहिले की आतल्यांना बाहेर पडता येत नाही, आणि सगळंच अडकतं. आतल्याला आधी जाऊ दिलं की सर्कल आपोआप मोकळं होत राहतं. ब्लॅकमोरचं सगळं गणित या एका नियमावर उभं आहे. मॅजिकवर नाक घुसवणारा माणूस एका गाडीला अडवतो असं नाही, तो पाचही सर्कलांची साखळी अडवतो.

दुसरी सवय दिव्यांची. आपल्याकडे समोरून अपर-डिपर मारला की त्याचा अर्थ "मी येतोय, थांब". इथे बहुतेक वेळा अर्थ उलटा: "तुम्ही जा". इथलं सरकारी नियमपुस्तक, म्हणजे हायवे कोड, सांगतं की दिवे फक्त "मी इथे आहे" एवढं कळवायला वापरावेत. त्यामुळे कुणी दिवे मारले तरी आपल्या डोळ्यांनी रस्ता मोकळा आहे का ते बघूनच निघा, आणि स्वतः मात्र दिवे मारत आत शिरू नका. समोरचा त्याचा अर्थ "या" असा घेईल आणि खरंच येईल.

हॉर्नबद्दल फार बोलायला नको. वस्तीच्या भागात रात्री ११.३० ते सकाळी ७ वाजवायला बंदीच आहे, आणि दिवसा वाजवलात तर लोक ती शिवी समजतात.

साध्या राउंडअबाउटवर हात बसवा

थेट मॅजिकवर जाऊ नका. स्विंडनभर साधी राउंडअबाउट पसरलेली आहेत, आधी त्यांवर सराव करा. क्रम असा:

१. लांबूनच फलक वाचा. राउंडअबाउटच्या आधीच्या मोठ्या फलकावर त्याचा नकाशाच काढलेला असतो. तुमचा रस्ता कितवा, हे तिथेच ठरवा.

२. आरसे बघा आणि लेन पकडा. डावीकडे जायचं तर डावी लेन आणि डावा इंडिकेटर. उजवीकडे किंवा पूर्ण फिरून मागे यायचं तर उजवी लेन आणि उजवा इंडिकेटर. सरळ जायचं तर शिरताना इंडिकेटर नको, आणि रस्त्यावर वेगळं रंगवलेलं नसेल तर सहसा डावी लेन. रस्त्यावर रंगवलेले बाण आणि अक्षरं मात्र या सगळ्यापेक्षा मोठी. बाण सांगेल ते ऐकायचं.

३. तुटक पांढऱ्या रेघेशी येईपर्यंत वेग इतका कमी करा की थांबता येईल. थांबलंच पाहिजे असं नाही. उजवीकडे मोकळं असेल तर सरळ निघा. रिकाम्या राउंडअबाउटवर उगाच थांबलात तर मागचा येऊन आदळायची भीती असते, कारण तोही तुमच्याकडे न बघता उजवीकडेच बघत असतो.

४. तुमच्या आधीचा रस्ता मागे पडला की डावा इंडिकेटर द्या, डावा आरसा बघा, आणि बाहेर पडा.

समोरच्या गाडीच्या इंडिकेटरवर विश्वास ठेवू नका, तिच्या पुढच्या चाकांकडे बघा. इंडिकेटर विसरतो, चाक खोटं बोलत नाही.

त्यानंतर मिनी राउंडअबाउट. हा जमिनीवर रंगवलेला पांढरा गोल असतो, कधी थोडा फुगीर. त्याच्यावरून गाडी नेता येईल असं वाटतं, पण नेऊ नका. त्याला वळसा घालूनच जायचं हा कायदा आहे. सवलत आहे ती फक्त वळसा घालणं शक्यच नसलेल्या लांब गाड्यांना. तिथे जागा इतकी कमी असते की बाहेर पडतानाचा इंडिकेटर द्यायला वेळच मिळत नाही. शिरण्याआधी दिलात तेवढा पुरे. मिनीवर गोल फिरून यू-टर्न घेणं टाळा, इतर लोक त्याची अपेक्षा करत नाहीत.

मिनीवर न अडखळता जाता यायला लागलं की मॅजिकचं निम्मं काम झालं. मॅजिक म्हणजे एकापाठोपाठ एक मिनीच.

मॅजिकची रचना डोक्यात बसवण्याचा सोपा मार्ग

घड्याळाचे काटे, उलटे काटे, आतलं वर्तुळ, बाहेरचं वर्तुळ हे सगळं विसरा. एवढंच लक्षात घ्या: मधल्या बेटाभोवतीचा रस्ता हा दोन्ही दिशांनी वाहतूक असलेला साधा रस्ता आहे, फक्त गोल वाकवलेला. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे एका दिशेने जाणारे बाहेरच्या कडेने जातात आणि समोरून येणारे बेटाला लागून. त्यात गूढ काही नाही. या गोल रस्त्यावर पाच तिठे आहेत आणि प्रत्येक तिठ्यावर एक मिनी राउंडअबाउट बसवलं आहे.

यातून एक गोष्ट निघते जी आधी माहीत नसेल तर छातीत धडकी भरते. नेहमीच्या राउंडअबाउटवर बेट कायम तुमच्या उजव्या हाताला असतं. मॅजिकवर आतल्या बाजूने जाताना ते डाव्या हाताला येतं आणि समोरून गाड्या उजव्या बाजूने येताना दिसतात. तुम्ही चुकीच्या दिशेने शिरलेले नाही आहात. ते तसंच असतं. चालत राहा.

रस्त्यांचा क्रम पाठ करा. उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने: काउंटी रोड, श्रिव्हनम रोड, क्वीन्स ड्राइव्ह, ड्रोव्ह रोड, फ्लेमिंग वे. ड्रोव्ह रोड दक्षिणेला ओल्ड टाउनकडे जातो, फ्लेमिंग वे पश्चिमेला शहराच्या मध्याकडे. क्वीन्स ड्राइव्हने आग्नेयेला गेलात की पुढे मार्लबरो रोडवरचं ग्रेट वेस्टर्न हॉस्पिटल आणि एम-४ महामार्गाचा १५ नंबरचा फाटा. काउंटी रोड आणि श्रिव्हनम रोडच्या बेचक्यात स्विंडन टाउन क्लबचं फुटबॉल मैदान, काउंटी ग्राउंड.

आता वळणांचा नियम. हा मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला कागदावर काढून देतो:

तुम्ही बाहेरच्या कडेने जात असाल, तर प्रत्येक मिनीवर पहिलं डावं वळण म्हणजे त्या रस्त्यावर बाहेर, आणि त्यानंतरचं वळण म्हणजे गोल रस्त्यावर पुढे.

तुम्ही आतून, बेटाला लागून जात असाल, तर उलट. पहिलं डावं म्हणजे पुढे, त्यानंतरचं म्हणजे बाहेर.

आणि दोन्हीकडे, पाचही मिनींवर, कुठूनही आलात तरी थांबायचं उजवीकडून येणाऱ्यासाठीच. सरकारी नियमपुस्तकही अशा जोड राउंडअबाउटबद्दल इतकंच म्हणतं: प्रत्येक राउंडअबाउट स्वतंत्र समजा आणि नेहमीचे नियम पाळा. पाच सर्कलांचा विचार एकदम करणारा माणूस पहिल्याच रेघेवर गोठतो. पुढच्या एका मिनीपलीकडे बघायचंच नाही.

तीन रस्ते, सावकाश

*ड्रोव्ह रोडवरून फ्लेमिंग वे.* सगळ्यात सोपा, म्हणून पहिला. डावी लेन. ड्रोव्ह रोडच्या मिनीवर उजवीकडे बघा, मोकळं झालं की डावीकडे. तुम्ही बाहेरच्या कडेने चालला आहात. लगेच फ्लेमिंग वेचं मिनी येतं. तिथे पुन्हा रेघ, पुन्हा उजवीकडे बघणं, आणि पहिलं डावं. झालात बाहेर.

*ड्रोव्ह रोडवरून क्वीन्स ड्राइव्ह.* इथे मॅजिकची खरी करामत कळते. साध्या मोठ्या राउंडअबाउटवर या प्रवासाला जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा घालावी लागली असती, कारण क्वीन्स ड्राइव्ह तुमच्या उजव्या हाताचा पहिलाच रस्ता आहे. इथे उजवा इंडिकेटर देऊन ड्रोव्ह रोडच्या मिनीला वळसा घाला. मिनी तुमच्या उजवीकडे राहील. वळसा घालून उजवीकडे निघालात की तुम्ही बेटाला लागून आहात, बेट डाव्या हाताला. पुढचं मिनी क्वीन्स ड्राइव्हचं. रेघ, उजवीकडे नजर. पहिलं डावं सोडून जवळजवळ सरळ पुढे, आणि बाहेर. पाच मिनींचा फेरा दोन मिनींत आटोपला. गर्दीच्या वेळी गाड्या इथे पांगतात त्या याच कारणाने: प्रत्येकाला जवळची बाजू निवडता येते.

*फ्लेमिंग वेवरून क्वीन्स ड्राइव्ह*, म्हणजे शहरातून हॉस्पिटलकडे. हा दोन्ही बाजूंनी करता येतो. आतून गेलात तर फ्लेमिंग वेच्या मिनीला उजवीकडे वळसा, ड्रोव्ह रोडच्या मिनीवर पहिलं डावं (म्हणजे गोल रस्त्यावरच पुढे), आणि क्वीन्स ड्राइव्हच्या मिनीवर पहिलं डावं सोडून बाहेर. बाहेरून गेलात तर फ्लेमिंग वेच्या मिनीवर डावीकडे, मग काउंटी रोड आणि श्रिव्हनम रोड या दोन्ही मिनींवर पहिलं डावं सोडून पुढे, आणि क्वीन्स ड्राइव्हला पहिलं डावं. बाहेरचा रस्ता एका मिनीने लांब आहे, पण तो साध्या राउंडअबाउटसारखा वाटतो. पहिल्या वेळी तोच घ्या. एका मिनीचं अंतर वाचवून कुणी लवकर बरं होत नाही.

हे तिन्ही रस्ते घरी कागदावर पेन्सिलीने काढून बघा. पाच नाण्यांचं रिंगण करून बोट फिरवलं तरी चालेल. हसू येतं, पण शिकवणारी मंडळीही असंच काहीतरी करतात.

केव्हा जायचं

रविवारी सकाळी आठच्या आत. पहिल्यांदा शेजारी बसून आणि दुसऱ्या कुणाला तरी चालवायला सांगून. त्या वेळी रस्त्याकडे न बघता फक्त मिनी मोजा, आणि "रेघ, उजवीकडे, निघा" हे मोठ्याने म्हणा. शक्य असेल तर आधी एकदा पायी जाऊन फुटपाथवर दहा मिनिटं उभे राहा. गाडीत बसून जे गोंधळाचं वाटतं ते उभं राहून बघितलं की फार शिस्तीचं दिसतं.

शिकाऊ परवान्यावर असाल तर शेजारी बसणाऱ्याचं वय २१ च्या वर हवं आणि त्याला परवाना मिळून तीन वर्षं झालेली हवीत. गाडीला पुढे-मागे लाल एल हवा. नवरा-बायकोने एकमेकांना मॅजिक शिकवू नये हे माझं मत. पैसे देऊन इन्स्ट्रक्टर घ्या, संसार टिकतो.

काउंटी ग्राउंडवर सामना असेल त्या दिवशी त्या बाजूला फिरकूच नका. चालणाऱ्यांची झुंबड असते, रस्त्याकडेला गाड्या उभ्या असतात आणि बाहेरगावचे ड्रायव्हर तुमच्याइतकेच बावरलेले असतात. पावसाळी हिवाळ्यात संध्याकाळी चारनंतर अंधार पडतो, ओल्या डांबरावर पांढऱ्या खुणा दिवे पडून दिसेनाशा होतात. पहिला सराव उन्हाळ्यात जमला तर बरं.

नेव्हिगेशनचा आवाज बंद ठेवा. ती बाई एकापाठोपाठ "राउंडअबाउटवर दुसरा एक्झिट घ्या, राउंडअबाउटवर पहिला एक्झिट घ्या" म्हणत सुटते आणि तुम्ही कुठल्या राउंडअबाउटवर आहात हेच कळेनासं होतं. रस्त्याचं नाव आधीच ठरवून निघा.

सायकली, लांब गाड्या, निळे दिवे

२०२२ पासून नियमपुस्तकात स्पष्ट आलं आहे की राउंडअबाउटवर असलेल्या सायकलस्वाराला प्राधान्य द्यायचं. तो उजवीकडे जायचं असूनही डाव्या लेनमध्ये राहू शकतो. त्याला मिनीवर ओव्हरटेक करू नका, मागे राहा. लांब ट्रक आणि बस यांना वळायला दोन्ही लेन लागतात, त्यांच्या शेजारी अडकू नका. बाहेर पडताना रस्ता ओलांडणारी माणसं तोंडाशीच असतात, म्हणून बाहेर पडलो या आनंदात लगेच वेग वाढवू नका.

फायर इंजिन किंवा अँब्युलन्स मागून आली तर मिनीच्या मधोमध ब्रेक मारू नका. सुरू केलेलं वळण पूर्ण करा, जवळच्या रस्त्याने बाहेर पडा, डावीकडे घेऊन थांबा. त्यांना जागा बाहेर हवी असते, आत नव्हे.

चुकलात तर

चुकीच्या रस्त्याने बाहेर पडलात? पडू द्या. अर्ध्या मैलावर दुसरं राउंडअबाउट मिळेल, तिथून फिरून या. शेवटच्या क्षणी लेन बदलणं, रिव्हर्स घेणं, मिनीवर थांबून विचार करणं, यातलं काहीही करू नका. मॅजिकवर रस्ता चुकणं फार स्वस्त आहे. गोल रस्त्यावरच राहून पुन्हा एक फेरा मारलात तरी कुणी तुमच्याकडे बघत नाही. गाडी बंद पडली तर आधी हॅझर्ड दिवे, मग बाकीचं.

कुणाला घासलं तर पळून जायचं नाही. नाव, पत्ता, गाडीचा नंबर द्यायचा आणि घ्यायचा. तिथे तपशील देता आले नाहीत तर २४ तासांच्या आत पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे. जागेवरच "माझीच चूक" म्हणून पैसे काढून देऊ नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, पुढचं ते बघतात.

इतर गावांत

लंडनजवळ बदली झाली तर हेमेल हेम्पस्टेडला असंच सर्कल आहे, १९७३ सालचं, आणि त्यात पाच नाही तर सहा मिनी. हाय विकम आणि कोल्चेस्टरलाही याच जातीची आहेत. तिथे रस्त्यांची नावं नवीन पाठ करावी लागतील, मिनींची संख्या वेगळी असेल. वळणांचा नियम तोच: बाहेरून जाताना पहिलं डावं म्हणजे बाहेर, आतून जाताना पहिलं डावं म्हणजे पुढे. हेमेलच्या सर्कलाचं कागदोपत्री नाव प्लाऊ राउंडअबाउट, पण तिथले लोकही त्याला मॅजिक राउंडअबाउटच म्हणतात, पत्ता विचारताना हेच नाव घ्या.